दोन खदानी, एकच यादी

पहिला भोंगा वाजला आणि साहेबांनी दारातूनच विचारलं, "राकेश, ज़ीरो है ना?"

मी स्क्रीन पाहिली. वरची खदान, आत शून्य. खालची खदान, आत शून्य. दोन्ही चौकोन हिरवेगार.

"हौ साहेब. ज़ीरो."

साहेब जीपमध्ये बसले. धूळ उडाली आणि खाली बसली. मी डबा उघडला. भेंडी होती.

दुपारचा एक. आमच्या गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या खदानीत ब्लास्टच्या दिवशी तीन भोंगे होतात. पहिला एक वाजता, की निघा. दुसरा दहा मिनिटांनी, की कोणी राहिलं असेल तर आता तरी निघा. तिसरा सव्वाला, आणि तिसऱ्याचा आवाज विरायच्या आत डोंगर फुटतो. आत कोण आहे आणि कोण नाही, हे सांगायचं काम आधी फाटकावरच्या महागूबाबाचं होतं. आता माझ्या ॲपचं आहे. म्हणजे माझं.

पहिला घास घेतला आणि अंकितचा फोन आला. अंकित वरच्या खदानीचा मुन्शी, म्हणजे हजेरी ठेवणारा.

"राक्या, माहे चौदाही जन जेवाले गेले बे. पावणेएकच्या आधीच बटन दाबलं मी. दिसून राह्यलं ना तुले?"

"दिसून राह्यलं."

"मंग ठीक. लोणचं ठेवजो माह्यासाठी. मांगच्या वेळी सगळं तूच खाल्लं, भुक्कड."

बटन म्हणजे 'सगळे बाहेर'. जेवणाच्या सुट्टीत लोक धावत सुटतात, जाताना कोणी कार्ड दाखवत नाही. अंकितनेच मागे लागून ते बटन करून घेतलं होतं. एकदा दाबलं की आतल्या लोकांची यादी कोरी.

दुसरा घास हातातच राहिला.

वरचं बटन अंकितने दाबलं. खालचं कोणी दाबलं?

खालच्या खदानीला मुन्शीच नाही, आणि आजचा ब्लास्ट तिथलाच. ती पुन्हा सुरू होऊन दोन दिवस झाले. तिथे एका खांबाला मी जुना मोबाईल बांधून दिला आहे. लोक आपलं कार्ड स्वतःच त्याच्यासमोर धरतात, आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. 'सगळे बाहेर' हे बटन तिथे मी ठेवलंच नव्हतं.

स्क्रीन खाली सरकवली. प्रत्येक खदानीखाली बारीक अक्षरात येतं, यादी शेवटची कधी कोरी झाली. वरची: बारा वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद. खालची: बारा वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद.

मी घास डब्यात परत ठेवला.

खरं सांगतो. त्या क्षणी मी उठून पळायला पाहिजे होतं. एक वाजून तीन मिनिटं झाली होती, वेळ होता. मी पळालो नाही. मी लॅपटॉप उघडला. चूक माझी आहे की नाही, हे मला आधी पाहायचं होतं. खाली माणूस आहे की नाही, ते नंतर.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

लॅपटॉप गोंदियाहून घेतलेला, जुना. सुरू व्हायला वेळ लावतो. ते गोल फिरत होतं आणि मला सकाळचं आठवलं. नऊ वाजता स्क्रीनवर वर एकोणीस आणि खालीही एकोणीस दिसत होते. वर चौदा लोक जातात, खाली पाच, हे मला माहीत होतं. तरी मी काय म्हणालो? काहीतरी दाखवण्यात गडबड असेल, नंतर पाहू. आणि मोबाईलवर क्रिकेटचा स्कोर पाहत बसलो. चौदा आणि पाच, एकोणीस. दोन्हीकडचे लोक एकाच यादीत पडत होते आणि मी नंतर पाहणार होतो.

मी कॉलेजात शिकलेलो नाही. बी.ए.चं पहिलं वर्ष बालाघाटला केलं आणि सोडलं. जे येतं ते मोबाईलवरून, हिंदीतले व्हिडिओ पाहून पाहून. एक माणूस वीस मिनिटांत समजावतो, आपण पंचवीस वेळा थांबवून लिहून घेतो. त्यात असं होतं की आधी एक क्लास लिहायचा. क्लास म्हणजे साचा, विटांचा असतो तसा. मी 'खदान' नावाचा साचा लिहिला. त्या साच्यातून जितक्या पाहिजे तितक्या खदानी काढायच्या. साच्यातून निघालेली प्रत्येक खदान म्हणजे एक इन्स्टन्स, आणि तिची यादी तिची स्वतःची. 'सगळे बाहेर' हे काम, म्हणजे मेथड, तीही तिचीच. वरच्या खदानीला सांगितलं की वरची रिकामी होते. खालचीला पत्ताही लागत नाही.

आणि स्टॅटिक म्हणजे ते काम कोण्या एका खदानीचं नसतंच. ते साच्याचं. सगळ्यांत मिळून एक.

हे आज मला झोपेतून उठवलं तरी येतं. आठ महिन्यांआधी येत नव्हतं. तेव्हा प्रोग्राम चालवायला गेलो की लाल रेघ यायची: इथून ही मेथड बोलावता येत नाही, ही स्टॅटिक नाही. दोन दिवस ती रेघ जाईना. सोमवारी साहेबांना दाखवायचं होतं. मग मी मेथडच्या पुढे स्टॅटिक लिहून टाकलं. लाल रेघ सरकून यादीखाली गेली. यादीच्या पुढेही स्टॅटिक लिहिलं. रेघ गेली. मी टपरीवर जाऊन चहा प्यायलो, वर एक समोसा खाल्ला. रेघ का गेली, ते काही पाहिलं नाही.

आणि खरंच काही बिघडलं नाही. खदान एकच होती. एकीची यादी म्हणा की सगळ्यांची म्हणा, सारखीच. आठ महिने सगळे मला 'कंप्यूटरवाला' म्हणाले. परवा साहेब म्हणाले, नीचे वाली भी जोड़ दे. मी साच्यातून दुसरी खदान काढली. एक ओळ. दोन मिनिटं.

लॅपटॉप उघडला. फाईल उघडली. अकरावी ओळ.

स्टॅटिक.

अंकितने वर बटन दाबलं आणि खालचे पाच लोकही कागदावरून बाहेर गेले. पण माणूस कागदावरून गेला म्हणजे खदानीतून गेला असं नसतं.

एक वाजून सहा.

साहेबांना फोन लावला. बंद. ब्लास्टर टिकारामभाऊंना लावला. बंद. बंदच असणार, बारुदाजवळ फोन सुरू ठेवायचा नाही असा नियम आहे. मी उठलो तेव्हा डबा पडला. बाहेर मोटरसायकलमध्ये किल्ली जाईना. तिसऱ्यांदा गेली.

ऑफिसपासून फाटकापर्यंत तीन मिनिटांचा रस्ता, खड्डेच खड्डे. मी मनात एकच म्हणत होतो, पाचही निघाले असतील. भोंगा ऐकला असेल. भोंगा ऐकून कोण थांबतं? किरनापूरच्या रस्त्यापर्यंत जातो तो आवाज.

फाटकावर महागूबाबा. आधी हे आत-बाहेरचं सगळं त्याच्याकडे होतं. एक पाटी होती, तिला खिळे, खिळ्यांवर पितळेचे बिल्ले. माणूस आत गेला की बिल्ला लटकवायचा, आला की काढायचा. ॲप आल्यावर साहेबांनी ती पाटी उतरवली आणि बाबाला फाटकाचा दांडा वरखाली करायला बसवलं. त्याबद्दल बाबा मला कधी काही बोलला नाही. फक्त तेव्हापासून तो मला 'राकेश' न म्हणता 'राकेशजी' म्हणतो.

ब्लास्टसाठी दांडा खाली होता. मागे तीन ट्रक उभे.

"बाबा! खालचे लोकं निघाले का?"

"कोन्ते खालचे?"

"खालच्या खदानीचे! पाच जन!"

"ड्रिलवाले चार गेले. जेवाले गेले, हासत हासत. एकानं बिडी मांगतली मले." बाबाने दांड्यावर हात ठेवला. "चैतराम नाही गेला."

"पक्कं?"

"राकेशजी, तीस वर्षं हेच पाह्यलं मी. तुमच्याच फोनची वाट पाहून राह्यलो. चैतराम नाही गेला."

तेवढ्यात दुसरा भोंगा वाजला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. छातीत वाजतो.

बाबाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं असावं. दांडा उचलला.

"त्याले ऐकू येत नाही," एवढंच म्हणाला. जसं काही मला माहीत नाही.

मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे. चैतराम रामटेके, आमचा पंपवाला. खैरलांजीकडचा. पोरसवदा होता तेव्हापासून डिझेल इंजिन धानाच्या खाचरावर न्यायचं, रोवण्याला पाणी द्यायचं, हे त्याचं काम. पुढे खदानीत आला, त्याला बावीस वर्षं झाली. खदान म्हणजे खड्डा, खड्ड्यात पाणी. ते उपसल्याशिवाय ड्रिलवाले उतरत नाहीत. म्हणून सकाळी सगळ्यांत आधी आत जाणारा तो, आणि पाणी चढत असेल तर सगळ्यांत मागून निघणारा तो. बिनसायलेन्सरच्या इंजिनाजवळ बावीस वर्षं बसला. कान गेले. समोर उभं राहून ओरडलं, तर ओठ पाहून तेवढं त्याला समजतं. इंजिन बिघडलं की तो आता ऐकत नाही, त्यावर तळहात ठेवतो आणि सांगतो, हे गेलं, ते गेलं.

पोरगी आम्रपाली गोंदियाला नर्स आहे. तिने बापाला कानाची मशीन घेऊन दिली. ती मशीन हा फक्त लग्नात लावतो. मी एकदा खुणा करून विचारलं होतं, खदानीत का लावत नाही. तर म्हणाला, "इथं आयकण्यासारखं काय हाये रे?" आणि स्वतःच खूप हसला.

त्याला भोंगा कधीच ऐकू येत नव्हता. ब्लास्टच्या दिवशी महागूबाबा पाटी पाहायचा, चैतरामचा बिल्ला लटकलेला दिसला की स्वतः खाली उतरायचा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते ॲपमध्ये घेतलं नाही. फक्त एवढं केलं की आत कोणी राहिलं तर चौकोन लाल होईल आणि मी बाबाला सांगेन.

कार्डं वाटली तेव्हा चैतरामकाकाने आपलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं होतं. एक नंबरचं कार्ड, मीच मुद्दाम त्याला दिलं होतं.

"तुह्या मशीनले समजते का, मी आतमंधी हाव म्हणून?"

"हौ काकाजी," मी ओरडून सांगितलं होतं. "समजते."

गाडी उतारावरून घसरतच गेली. ब्लास्टरचा आडोसा खालच्या खदानीच्या काठापासून लांब आहे, वाळूच्या गोण्यांचा. साहेबांची जीप तिथेच. टिकारामभाऊ गोण्यांमागे उकिडवे बसलेले, पुढ्यात सुरुंग उडवायची छोटी पेटी. आधी मलाजखंडला ठेकेदाराकडे होते, पंधरा वर्षं हेच काम. पेटीत चावी लावलेली दिसली.

"थांबा! भाऊ, थांबा!"

टिकारामभाऊंनी मान वर केली. "काय बे, मराले आला का इथं? टोप कुठी तुहा?"

"चैतरामकाका आत हायेत."

वाऱ्याने लाल झेंडी फडफडत होती, तिचाच आवाज.

"तूने ज़ीरो बोला था," साहेब म्हणाले.

"चुकलं साहेब."

"क्या चुकलं? मशीन चुकलं?"

माझ्या तोंडाशी 'हौ' आलं होतं. मशीन चुकली. किती सोपं होतं. मी म्हणालो, "मी चुकलो." पण इतक्या हळू, की साहेबांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही.

टिकारामभाऊ स्वतःच्या हाताकडे पाहत होते. मग त्यांनी पेटीतून चावी काढली, तारा सोडल्या, आणि चावी माझ्या हातात दाबली. त्यांचा हात घामाने ओला होता.

"खिशात ठेव. हे तुह्याजवळ हाये तोपर्यंत हे पेटी म्हणजे डबा. समजलं? धावू नको खाली. तारांवर पाय देऊ नको. त्याले घेऊन ये."

साहेब माझ्याजवळ आले. आवाज खाली. "सुन. चुपचाप लेके आ. बोलना पंप देखने आया था. कुछ हुआ थोड़ी है? किसी को कुछ बताने की ज़रूरत नहीं. उसको भी नहीं."

मी मान हलवली. सांगतो ना, मी 'हौ' म्हणून मान हलवली.

गाडीने रॅम्पच्या पायथ्यापर्यंत गेलो, तिथून पायी. मी खदानीत कितीदा गेलो असेन, पण तिथे नेहमी आवाज असतो. मशीन, डंपर, शिव्या. त्या दिवशी काहीच नव्हतं. समोर कातळाची भिंत, तिच्या माथ्यावर ओळीने भोकं, भोकांतून पिवळ्या तारा निघून एकमेकींना बांधलेल्या. भोकं बारुदाने भरलेली. मी खिशातली चावी दर चार पावलांना चाचपत होतो. चावी होती. तरी मान आपोआप खांद्यात जात होती, जसं काही मान आत घेतल्याने डोंगर अंगावर यायचा थांबणार होता. एक खडा कुठून तरी घरंगळला आणि मी खाली बसलो. खरंच बसलो, डोक्यावर हात घेऊन. मग उठलो.

पाण्याचा खड्डा भिंतीच्या वळणामागे आहे, आडोशापासून दिसत नाही. इंजिन बंद होतं, म्हणून टिकारामभाऊंनाही काही ऐकू आलं नसणार. चैतरामकाका कमरेएवढ्या पाण्यात, माझ्याकडे पाठ. पाईपच्या टोकाची जाळी वर उचलून तिच्यातला चिखल बोटांनी काढत होता. अगदी निवांत. कसलंसं गाणं पुटपुटत होता, चाल नसलेलं, बहिरी माणसं पुटपुटतात तसं. भिंतीपासून किती लांब असेल? तीस पावलं. पस्तीस.

मी बुटांसकट पाण्यात उतरलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो दचकला नाही. वळलाही नाही.

"येतो रे महागू," म्हणाला. "एवढं काढून घेतो."

मी हात काढला नाही. मग तो वळला.

"तू? तू काहून आला?"

मी दोन्ही मुठी जवळ आणून फाकवल्या. ब्लास्ट. त्याने माझ्या मागे, वर पाहिलं. तारा पाहिल्या. बावीस वर्षं खदानीत काढलेला माणूस, त्याला काय सांगायचं? जाळी हातातून सुटून पाण्यात गेली.

"भोंगा झाला?"

मी दोन बोटं दाखवली.

"दोन झाले?" तो पाण्यातून बाहेर आला. काठावर आल्यावर मी त्याचा दंड धरला. त्याने सोडवून घेतला. "मंग मले काहून नाही सांगितलं कोणी? सकाळी त्या खांबाले कार्ड दाखोलं मी. हिरवं झालतं. पाह्यलं मी, हिरवं झालतं."

"काकाजी, चुकलं," मी म्हणालो.

"काय?"

"चूक झाली."

"काय? जोरानं बोल ना."

मी वर पाहिलं. वळणाच्या अलीकडे काठाचा एक तुकडा दिसतो. तिथे साहेब उभे होते. ड्रिलवाले चौघे जेवण सोडून आले होते, महागूबाबाही. त्यांना दिसत होतो आम्ही. साहेबांनी हात केला, या, या, लवकर या.

पंप पाहायला आलो होतो, एवढं म्हणायचं होतं. तेही ओरडूनच म्हणावं लागलं असतं. या माणसाशी हळू आवाजात खोटं बोलता येत नाही, आणि खरंही बोलता येत नाही.

"नाव पुसलं गेलं तुमचं!" मी ओरडलो. "वरचं बटन दाबलं अन् तुमचं नाव पुसलं! मी चुकीचं लिहिलं होतं! माही चूक! मी साहेबांले ज़ीरो सांगितलं! आत कोणी नाही म्हणून सांगितलं!"

कातळाने ते सगळं परत केलं. माही चूक, चूक. वरच्या लोकांपर्यंत गेलं. साहेबांचा हात खाली आला.

चैतरामकाका माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. ऐकलेलं तो नेहमी थोडं उशिरा समजतो, ओठ मनात फिरवून पाहतो.

"माह्या एकल्याचं पुसलं का सगळ्याइचं?"

"सगळ्याइचं!"

"ते चौघं निघाले?"

"हौ! वर हायेत!"

"हौ," तो म्हणाला. "त्याइले आयकू येते."

मला वाटलं तो आता मारेल. मारायला पाहिजे होतं. माझ्या आईची शपथ, मी गाल पुढे करून उभा होतो. पण तो वळला आणि इंजिनाचे पाने गोळा करायला लागला. एकेक पाना पाण्यात बुडवून, चिंध्यांनी पुसून, थैलीत. मोठा, मग मधला, मग छोटा. वर साहेब आता दोन्ही हात हलवत होते. काकाने तिकडे एकदा पाहिलं आणि चिमटा पुसायला घेतला.

दगडावर ठेवलेला शर्ट घातला. बटनं लावली, गळ्यापर्यंत सगळी. दुसऱ्या बटनाला वेळ लागला. मी मदतीला पुढे झालो तर त्याने नुसतं पाहिलं. मी थांबलो.

"चावी कोनाजवळ हाये?"

मी खिशातून काढून दाखवली.

त्याने हात पुढे केला. "दे."

टिकारामभाऊंनी मला सांगितलं होतं, तुह्याजवळ ठेव. पण त्या हातावर चावी न ठेवणं मला जमलं नाही. त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटन लावलं, वरून एकदा थोपटलं.

रॅम्पच्या पायथ्याशी माझी गाडी होती. मी सुरू केली, मागच्या सीटवर हात मारला.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी माह्या पायानं येतो."

"काकाजी, साहेब वाट पाहून राह्यले!"

यावेळी मी पुरेसं जोरात बोललो होतो. त्याने ऐकलं नाही.

मी गाडी बंद केली आणि ढकलत त्याच्या मागे निघालो. पाव किलोमीटरचा चढ. वरून जीपचा हॉर्न वाजला, मग पुन्हा, मग लांब. फाटकामागच्या ट्रकवाल्यांनीही वाजवायला सुरुवात केली. क्रशर बंद, डंपर बंद, अठरा माणसं, साहेब, पेटीसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले टिकारामभाऊ, सगळे थांबलेले. चैतरामकाका थैली खांद्यावर घेऊन रस्त्याच्या मधोमध चालत होता. जोरात नाही, मुद्दाम हळूही नाही. रोज संध्याकाळी घरी जातो तसा.

अर्ध्या चढावर तो थांबला. थैली खाली ठेवली. एका हाताने कातळाला धरून डाव्या पायातला गमबूट काढला, उलटा केला. त्यातून पाणी पडलं, बरंच. तो ते पडू देत उभा राहिला, शेवटचा थेंब जाईपर्यंत. मग बूट घातला, आणि उजवा काढायला वाकला.